वीजघरातला श्वास

यंत्राच्या संगीतात जीव नसतो, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. म्हणणारे गृहस्थ पुष्कळदा पेटीच्या साथीवर अभंग म्हणत असतात, ही त्यातली मौज! पेटी काही झाडाला लागत नाही. भाता, धातूच्या पट्ट्या आणि लाकडी खोके. सातासमुद्रांपलीकडून आलेले यंत्रच ते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले आणि ते किलकिले व्हायलाही पुढे कित्येक वर्षे जावी लागली. तिच्यातून आपल्या श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही, हा आक्षेप शास्त्राला धरून होता हे मान्यच केले पाहिजे. पण गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली हीच पेटी कशी बोलत असे, ते आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकले होते आणि त्यांचे कान शास्त्राचा निकाल लागेपर्यंत थांबले नाहीत. आता तर गाण्याच्या क्लासात विजेचा तंबोरा बटण दाबताच झंकारू लागतो आणि त्याच्यासमोर बसून मुली डोळे मिटून षड्ज लावतात. त्या षड्जाला कुणी निर्जीव म्हणत नाही. तेव्हा खरा प्रश्न यंत्राच्या पलीकडचा आहे. यंत्राशी माणसाने नाते कोणते जोडले, आणि ते जोडताना स्वतःचे काय गमावले, काय राखले?

हा प्रश्न मला एका जर्मन वाद्यमेळाने घातला. ‘क्राफ्टवेर्क’ हे त्याचे नाव; मराठीत सरळ ‘वीजघर’ म्हणावे. विजेच्या वाद्यांवरचे संगीत प्रयोगशाळेतून उचलून घराघरांत आणि नाचघरांत नेण्याचे श्रेय ज्या थोड्या मंडळींना आहे, त्यांत यांचे नाव फार वर येते. गेले वर्षभर शाळा सुटल्यावर, वह्या तपासून झाल्यावर, आणि मुख्यतः कादंबरीचे घोडे अडले की, मी या वीजघराच्या जुन्या तबकड्या एकामागून एक ऐकत आलो. मी संगीतशास्त्राचा अभ्यासक नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, धंदा मास्तरकीचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. परंतु एखादा लेखक आवडला की त्याचे पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत सगळे क्रमाने वाचून काढायचे, ही मला जुनी खोड आहे. तीच या खेपेस कानांना लावली, इतकेच. 

क्रमाने ऐकायचे म्हणतो खरा, पण क्रमाचीच तर इथे अडचण आहे. २००९ साली या मंडळींनी आपल्या ध्वनिमुद्रिका नव्याने साफसूफ करून आठांच्या संचात काढल्या. संचाचे नाव ‘डेर काटालोग’, म्हणजे सूची. या सूचीत पहिला क्रमांक ‘ऑटोबान’चा, आणि ऑटोबान आहे १९७४ सालची. वीजघर तर सुरू झाले १९७० साली! मधल्या चार वर्षांत ‘क्राफ्टवेर्क’, ‘क्राफ्टवेर्क २’ आणि ‘राल्फ उंड फ्लोरियान’ अशा तीन तबकड्या निघाल्या होत्या. त्या सूचीत नाहीत. त्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या जमान्यातही मालकांच्या संमतीने कधी पुन्हा निघाल्या नाहीत. ज्यांना ऐकायच्या आहेत ते जुन्या मूळ प्रती धुंडाळतात, नाहीतर चोरवाटेने फिरणाऱ्या नकला मिळवतात. माझ्यापर्यंत त्या भाच्याच्या कृपेने पोहोचल्या. त्याने त्या कुठून आणल्या हे मी विचारले नाही.

कादंबरीकाराने स्वतःच्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे फाडून टाकावीत आणि चौथ्यावर ‘प्रकरण पहिले’ असे छापावे, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी वाचकाने काय करावे? लेखकाचा शब्द मानून चौथ्यापासून आरंभ करावा, की फाडलेली पाने शोधावीत? मी पाने शोधण्याच्या बाजूचा आहे, आणि का, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आधी माणसांची ओळख करून घेऊ. राल्फ ह्यूटर यांचा जन्म १९४६ चा, फ्लोरियान श्नायडर यांचा १९४७ चा. म्हणजे युद्ध संपले, गावे ढिगाऱ्याखाली होती, त्या सुमाराची ही मुले. ऱ्हाईन नदीकाठचे ड्युसेलडॉर्फ हे त्यांचे कार्यक्षेत्र. श्नायडर यांचे वडील पाउल श्नायडर-एस्लेबेन हे नामांकित वास्तुशिल्पी. कोलोन-बॉनचा विमानतळ त्यांनी उभारला. घरात सुबत्ता, शिक्षण पद्धतशीर पाश्चात्त्य अभिजात संगीताचे. एकाच्या हातात बासरी, दुसऱ्याची बोटे ऑर्गनवर. पण वारसा म्हणावा असे काही उरले नव्हते. वडिलांच्या पिढीचे संगीत हिटलरच्या काळाने डागाळलेले, आणि रेडिओवर लागे ते इंग्रज-अमेरिकनांचे. शेजारच्या कोलोन शहरात मात्र १९५१ पासून रेडिओ केंद्राचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ होता. श्टॉकहाउझेन यांच्यासारखे प्रतिभावंत तिथे शुद्ध विद्युत्-ध्वनींचे प्रयोग करीत. प्रयोग थोर, पण त्यावर कुणी ठेका धरील, शीळ घालील, अशी सोय नव्हती. प्रयोगशाळेतला तो ध्वनी आणि रस्त्यावरचा ठेका यांची सोयरीक जुळवायची, हे काम या दोन तरुणांच्या वाट्याला आले.

आता त्या फाडलेल्या प्रकरणांकडे वळू. १९७० च्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर रस्तादुरुस्तीच्या वेळी मांडतात तसला शंकू आहे. पहिल्याच रचनेचे नाव ‘रुकत्सुक’, म्हणजे ‘झटपट’. (आपल्या झुकझुक गाडीची आठवण हे नाव उच्चारताना मला दर खेपेस होते.) आणि या वीजघरात पाऊल टाकताच कानावर काय पडते? बासरी! श्नायडर यांची बासरी, एकावर एक थर दिलेली, प्रतिध्वनीत घोळवलेली, तुटक फुंकरींनी लय उभारणारी. आपल्याकडची बासरी स्वर लांबवते, इथली बासरी ठोके देते. वादकाचा श्वास स्वराआधी ऐकू येतो. पुढे पुढे मात्र या तबकडीत नुसता गोंगाट पुष्कळ आहे, आणि तिची दुसरी बाजू मी ऐकत असताना घरातून, ‘अहो, मिक्सर चालू राहिलाय का बघा!’ अशी हाक आली. हाकेत टीकाकाराचा अंश होता हे नाकारता येत नाही.

१९७२ ची दुसरी तबकडी आणखी विस्कळीत. ढोल वाजवणारे सोडून गेले होते. तेव्हा ऑर्गनबरोबर येणाऱ्या ठेका-यंत्रावर त्यांनी काम भागवले. ‘क्लिंगक्लांग’ ही सतरा-अठरा मिनिटांची रचना त्यातली पहिली. लक्षात घ्या, पुढे ज्या ठेका-यंत्राने जग नाचवले ते घरात आले ते माणूस निघून गेला म्हणून. पण हौसेने आणलेल्या नोकरापेक्षा अडचणीत सापडलेला पाहुणाच पुष्कळदा घरचा होऊन जातो! याच रचनेच्या नावावरून त्यांनी पुढे आपल्या स्टुडिओला ‘क्लिंग क्लांग’ म्हटले.

तिसरी, १९७३ ची ‘राल्फ उंड फ्लोरियान’, ही मला या तिघींत सर्वांत प्रिय आहे. ‘टोनगेबिर्गे’ नावाची एक छोटी रचना तीत आहे. नावाचा अर्थ ध्वनीचे डोंगर. बासरीची एक ओळ निघते, तिचा पडसाद तिच्या पाठोपाठ येतो, त्या पडसादाला दुसरी ओळ उत्तर देते. पहाटे सह्याद्रीच्या घाटात उभे राहून हाक घातल्यासारखे वाटते. दुसरी बाजू मग ‘अननस सिंफनी’ नावाच्या लांबलचक आणि खुशालचेंडू रचनेने संपते. हवाई बेटांची गिटार आणि यंत्राच्या तोंडून उच्चारलेले शब्द तीत एकत्र नांदतात. ही माणसे अजून हसतखेळत आहेत. पुढे जो ताठर चेहरा त्यांनी जगासमोर धरला तो अजून शिवून यायचा आहे.

‘ऑटोबान’ने तो आणला, असे सगळे म्हणतात, पण ऐका तर खरे. मोटारीचे दार लागते, यंत्र सुरू होते, भोंगा वाजतो आणि मग बावीस मिनिटांहून अधिक काळ आपण जर्मनीच्या हमरस्त्यावरून चाललो आहोत. मिनीमूग नावाच्या सिंथेसायझरवर इंजिनाची घरघर, शेजारून सुसाट जाणाऱ्या गाड्या, चाकांची एकसुरी लय. शब्द अगदी बाळबोध: चालत राहण्याबद्दल, समोरच्या दरीबद्दल, सूर्याबद्दल, रस्त्याच्या करड्या पट्टीबद्दल. जर्मन भाषेत गाऊन एक मेळ अमेरिकेत जातो आणि १९७५ साली कापून लहान केलेली ही रचना तिथल्या पहिल्या पंचवीस गाण्यांत येते, हे त्या वेळी आक्रीतच होते. कॉनी प्लांक या ध्वनियोजकाचा हात पहिल्या तीन तबकड्यांप्रमाणे याही तबकडीला लागला आहे आणि तो ऐकू येतो. या प्रवासाला ऊब आहे, हवा आहे. पुढच्या तबकडीपासून प्लांक दिसत नाहीत. मंडळी आपल्याच स्टुडिओत, आपल्याच दाराला कडी लावून बसली.

पण सगळ्यांचे लक्ष त्या बावीस मिनिटांवर असते आणि तबकडी उलटण्याचे श्रम थोडे लोक घेतात. दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी ‘मॉर्गनश्पात्सिरगांग’ म्हणजे ‘सकाळचा फेरफटका’ अशी चारेक मिनिटांची रचना आहे. यंत्रावर उठवलेली पाखरांची किलबिल, झुळझुळ पाणी, आणि त्यात बासरी. साधी, सकाळच्या उन्हासारखी कोवळी. आणि ती बासरीची शेवटची भेट! यानंतरच्या सूचीत ती पुन्हा अशी समोर येत नाही. ज्याने पहिल्या तीन तबकड्या ऐकल्या नाहीत त्याला हा एक गमतीदार शेवट वाटेल. ज्याने ऐकल्या आहेत त्याला कळते की हा निरोप आहे. सूची चौथ्या प्रकरणापासून सुरू केली की निरोप तेवढा उरतो, आणि निरोप देणारे पात्र कोण हेच वाचकाला ठाऊक नसते. माझी तक्रार आहे ती ही.

पुढच्या वर्षीची, १९७५ ची ‘रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी’. नावातच श्लेष: रेडिओचे कार्य आणि किरणोत्सर्ग. वेष्टनावर एका जुन्या रेडिओचे चित्र आहे. हिटलरच्या राजवटीत सरकारी आवाज घरोघर पोहोचावा म्हणून काढलेल्या स्वस्त रेडिओचे. त्यावरचे स्वस्तिक तेवढे काढले आहे. वडिलांच्या पिढीविषयी ही मुले एक अक्षर बोलत नाहीत. तो रेडिओ समोर मांडतात आणि गप्प बसतात. आरंभी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राची टकटक. ती हळूहळू ठेका होते. समीक्षकांनी ही तबकडी थोडी सावत्रपणाने वागवली आहे, का ते मला कळत नाही. तिच्यात धुके आहे, आकाशवाणीच्या दोन केंद्रांमधली ती खरखर आहे, रात्री बारानंतर एकट्याने रेडिओ लावणाऱ्याचे एकटेपण आहे. मूळ शीर्षकगीत किरणोत्सर्गाच्या बाजूचे की विरुद्धचे, हे सांगता येत नसे आणि तीच त्याची भेदकता होती. १९९१ साली त्यांनी ते नव्याने बांधले तेव्हा त्यात थांबवण्याचा आदेश घातला आणि चेर्नोबिल, हिरोशिमा ही नावे जोडली. माणूस म्हणून त्यांचे चुकले असे कोण म्हणेल? पण मूळ गाणे श्रोत्याला अस्वस्थ करून सोडून देत होते, नवे त्याचे समाधान करते. कथेखाली तात्पर्य छापल्यासारखे झाले.

१९७७ च्या ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’विषयी मी किती लिहू? युरोपातली राष्ट्रे बारा वर्षांपूर्वी एकमेकांच्या उरावर बसली होती, त्यांना जोडणाऱ्या आरामशीर आगगाड्यांची योजना १९५७ साली सुरू झाली होती. तिचे हे गीत. रुळांच्या सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांचा ठेका, त्यावर तारवाद्यांसारखा चढत जाणारा एक उदास सूर. शाळेत एका शनिवारी सातवीच्या वर्गाला, नाव न सांगता, मी ही रचना ऐकवली. काही वेळाने मागच्या बाकावरून ‘गुरुजी, पूल आला!’ असा आवाज आला. रचना तोवर शीर्षकातून ‘मेटल आउफ मेटल’मध्ये, धातूवर धातू आपटण्याच्या भागात शिरली होती. पुलावर गाडीचा आवाज बदलतो हे त्या पोराला ठाऊक होते; त्याचे मामा भुसावळला असतात. युरोप त्याने नकाशातही धड पाहिलेला नाही. ‘यंत्राच्या संगीताला देश नसतो’ असे म्हणणाऱ्यांना मी या पोराचे उदाहरण देईन, आणि उलट म्हणणाऱ्यांनाही देईन. कारण त्याने ते ऐकले ते आपल्या देशाच्या पुलावरून.

याच तबकडीवर ‘आरशांचा महाल’ अशी एक रचना आहे. तरुण आरशात पाहतो आणि हळूहळू आरशातली प्रतिमाच खरी होत जाते, असा तिचा आशय. पुढे काय होणार याची ही नांदी. १९७८ च्या ‘मॅन-मशीन’च्या वेष्टनावर लाल सदरे, काळे टाय घातलेले चार पुतळे उभे आहेत: ह्यूटर, श्नायडर, आणि ठेका धरणारे वोल्फगांग फ्ल्यूर व कार्ल बार्टोस. रंगमंचावर आपल्या जागी यंत्रमानव उभे करण्याची प्रथा इथून आली. ही तबकडी निर्दोष आहे आणि म्हणूनच मला ती जरा दूरची वाटते. चकचकीत दुकानाच्या काचेला नाक लावून उभे राहावे तसे. अपवाद ‘निऑन लाइट्स’चा; रात्री शहरातले दिवे लागतात एवढाच विषय, पण शब्द संपल्यावरही ते संगीत दिव्यांखालून चालतच राहते. ‘द मॉडेल’ हे गाणे मात्र लोकांना इतके आवडले की चार वर्षांनी, १९८२ साली, ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. चांगले आहे, पण या मंडळींच्या उत्तम कामाचा तो मासला नव्हे.

१९८१ ची ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’ मला सगळ्यांत श्रेष्ठ वाटते. त्या वेळी संगणक घरोघर नव्हते. पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनी मात्र दहशतवाद्यांच्या शोधासाठी नागरिकांच्या याद्या संगणकात घालून चाळण्याचा उद्योग आदल्या दशकातच केला होता. शीर्षकगीतात बँका आणि पोलीस यंत्रणा यांची नावे एका दमात घेतली आहेत. टीका नाही, टिप्पणी नाही, नुसती यादी. आज आपला प्रत्येक व्यवहार कुणीतरी मोजून ठेवतो, त्या दिवसांत ही यादी ऐकताना अंगावर काटा येतो. आणि याच तबकडीत खिशातल्या गणकयंत्राचे एक बालगीत असावे, त्याचे बटण दाबले की छोटी धून निघते म्हणून गायकाने हरखून जावे! हे गाणे त्यांनी जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, जपानी अशा भाषांतून वेगवेगळे गायिले. ‘नंबर्स’मध्ये तर अनेक भाषांतले आकडेच आकडे आहेत, बालवर्गाच्या उजळणीसारखे, खाली ठेका मात्र असा की उजळणी म्हणणाऱ्याचे पाय जमिनीवर ठरू नयेत. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या आफ्रिका बंबाटा यांनी या ठेक्याची आणि ‘ट्रान्स-युरोप’च्या सुराची सांगड घालून ‘प्लॅनेट रॉक’ केले. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय तरुणांनीही आपले ‘टेक्नो’ संगीत उभारताना हेच आवाज कानांत साठवले होते. यंत्रासारखे ताठ उभे राहणाऱ्या या जर्मनांचे संगीत जगाला नाचवते झाले ते त्या गरीब वस्त्यांतून.

त्या वर्षीच्या त्यांच्या जगप्रवासात मुंबईचाही मुक्काम होता. १९८२ साली मुंबईतले सिनेवादक चरणजित सिंग यांनी सिंथेसायझर आणि ठेका-यंत्र घेऊन दहा रागांची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. या दोन गोष्टींची गाठ मारण्याचा मोह पुष्कळांना होतो, मी तो आवरतो. मला सांगायचे आहे ते एवढेच की ती तबकडी आपण साफ विसरलो, आणि २०१० साली हॉलंडमधल्या रसिकांनी ती पुन्हा काढली तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. जुने काम कुणाच्या हाती पडेल आणि काय करील, हे ते करणाऱ्याला ठाऊक नसते.

यापुढचा भाग मी भरभर उरकतो, कारण वीजघराचा वेगही इथून मंदावतो. १९८६ ची ‘इलेक्ट्रिक कॅफे’ घोटून घोटून गुळगुळीत झालेली आहे. पाच वर्षांची वाट आणि पस्तीस-एक मिनिटांचा ऐवज. सूचीत तिचे नावही बदलून ‘टेक्नो पॉप’ केले आहे. १९९१ ची ‘द मिक्स’ म्हणजे जुन्याच रचनांना नवे कपडे. त्यातले काही कपडे बरे बसतात, काही आखूड झाले आहेत. फ्ल्यूर आणि बार्टोस एव्हाना बाहेर पडले होते.

पण या पडत्या काळात, १९८३ साली, एक सुटे गाणे निघाले होते: ‘टूर द फ्रान्स’. फ्रान्समधल्या प्रसिद्ध सायकल-शर्यतीवर. ह्यूटर यांना सायकलचे अतोनात वेड. त्या गाण्यात ठेक्याच्या जोडीने काय वापरले आहे? चढावर दमलेल्या सायकलस्वाराचा श्वास. आत, बाहेर, आत, बाहेर. मी हे प्रथम ऐकले तेव्हा ताडकन उठून बसलो. कारण हा श्वास मी ओळखत होतो. १९७० च्या ‘रुकत्सुक’मध्ये बासरीच्या आधी ऐकू आलेला, तुटक फुंकरींनी लय बांधणारा तोच हा! बासरी गेली होती, फुंकर राहिली होती. आणि २००३ साली, त्या शर्यतीच्या शताब्दीच्या निमित्ताने, सतरा वर्षांनंतर नव्या रचनांची तबकडी आली तीत ‘इलेक्ट्रो कार्डिओग्राम’ नावाची एक रचना आहे. तिचा ठेका हृदयाच्या ठोक्यांचा, आणि त्यावर पुन्हा श्वास. यंत्रमानव म्हणवून घेणाऱ्यांच्या वह्या अशा उलट्या बाजूने तपासल्या की पानापानावर माणूस सापडतो.

पण तो सापडतो कुणाला? सूची पहिल्या पानापासून ज्याने पाहिली त्याला. ऑटोबानपासून ऐकणाऱ्याला १९८३ चा श्वास ही एक युक्ती वाटेल, सायकलच्या विषयाला शोभणारी. त्या श्वासाला मागे तेरा वर्षांचा इतिहास आहे, तो एका विशिष्ट माणसाच्या छातीतून आलेला आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच त्या माणसाने आणि त्याच्या मित्राने बंद केला आहे.

कुणी म्हणेल, लेखकाला आपले कच्चे लेखन नाकारण्याचा अधिकार नाही काय? आहे. माझी पहिली कादंबरी आज कुणी मागितली तर मी हवापाण्याच्या गोष्टी काढतो. पहिल्या तीन तबकड्यांतला बराच भाग कच्चा आहे हे मी वर सांगितलेच आहे. पण छापून लोकांच्या हाती दिलेली वस्तू पुरती आपली राहत नाही, एवढे मी मास्तरकीच्या जोरावर सांगू शकतो; एकदा फळ्यावर लिहिलेले पुसले तरी पोरांच्या वहीत उतरलेले असतेच. आणि या प्रकरणात आणखी एक विसंगती आहे. १९७७ च्या ‘मेटल आउफ मेटल’चा दोन सेकंदांचा तुकडा एका जर्मन निर्मात्याने १९९७ सालच्या गाण्यात परवानगीवाचून वापरला म्हणून ह्यूटर आणि श्नायडर न्यायालयात गेले, तो वाद वीस वर्षांहून अधिक चालला आणि युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचला. आपल्या कामाच्या दोन सेकंदांची ज्यांना इतकी काळजी, त्यांनी स्वतःच्या दोन-अडीच तासांच्या संगीतावर असे पाणी सोडावे! त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर असेलही. पण दोन सेकंद मौल्यवान ठरतात ते त्यांच्या मागेपुढे जे आहे त्यामुळे, हेच तर त्या खटल्यात त्यांच्या बाजूने बोलत होते.

२०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात या मंडळींनी आठ रात्री आठ तबकड्या क्रमाने सादर केल्या. संग्रहालयात, जिथे चित्रकाराची शाळकरी वयातली रेखाटनेसुद्धा काचेखाली जपून ठेवतात! तिथेही पहिली रात्र ऑटोबानची होती. श्नायडर तेव्हा मेळात नव्हते. ते २००८ मध्येच बाहेर पडले होते. २०२० च्या एप्रिलमध्ये ते वारले. वृत्तपत्रांतून त्यांच्यावर जे मृत्युलेख आले त्यांत यंत्रमानव, बोलणारी यंत्रे, सिंथेसायझर यांचा उल्लेख भरपूर होता आणि तो योग्यच होता. बासरीला एखाददुसरे वाक्य.

दिवाळीच्या सुटीत कुणाला हे संगीत ऐकून पाहण्याची इच्छा झाली तर माझी एक सूचना आहे. बावीस मिनिटांच्या रस्त्याला एकदम लागू नये. तबकडी असेल तर उलटी घालावी, मोबाइल असेल तर शेवटच्या रचनेवर बोट ठेवावे. अभ्यंगस्नान आटोपून घरातली मंडळी फराळाला बसायची असतात, अंगणात पणत्या विझत आलेल्या असतात आणि उजाडू लागलेले असते, त्या वेळी लावावी. पाखरे यंत्राची आहेत हे आधी कुणाला सांगू नये. बासरी सुरू होण्यापूर्वी आवाज थोडा वाढवावा, म्हणजे फुंकर ऐकू येईल.